रावजी मास्तरांची सातवी

पट भरला की रावजी मास्तर शाळेच्या ओट्यावर बसून निवांत तंबाखू मळायचे. पट भरलेला नसला, तर त्यांची चंची खुंटीला तशीच लोंबत राहायची आणि मास्तर कुठल्या तरी वाडीच्या वाटेला लागलेले असायचे. गावातली माणसं चंचीकडं बघून ओळखायची, की आज कुणाच्या तरी दारात मास्तर उभे राहणार.

पट म्हणजे वर्गातल्या नावांची संख्या. सगळे मास्तर तो नावांवर मोजतात. रावजी मास्तरांना नुसतं नाव पुरत नसे. नावाखाली पोर बसलेलं लागे. आता मी पुण्यात मुलाकडं राहतो. शाळांचे पट घसरले, अमक्या शाळेचा निकाल इतका लागला, अशा बातम्या पेपरात येतात. त्या वाचल्या की माझा दिवस जागेवर राहत नाही. मन उठतं आणि हिरडस मावळात जातं.

गाव हिर्डोशीच्या अलीकडं, वरंधा घाटाच्या वाटेवरून थोडं आत. मी तिथं दुय्यम मास्तर म्हणून गेलो तेव्हा भोरला संस्थानी राज्य होतं. माझे वडील संस्थानच्या कचेरीत कारकून, घर भोरातच. खेड्यात राहण्याची मला सवय नव्हती. आषाढाचे दिवस होते. निम्म्या वाटेपर्यंत बैलगाडी मिळाली, पुढं नीरेच्या कडेकडेनं चिखल तुडवत चालत गेलो. शाळा भैरवनाथाच्या देवळाला लागून होती. मातीच्या भिंती, वर कौलं, पुढं ओटा. दार उघडं होतं. आत बारकी पोरं पाढे म्हणत होती आणि त्यांच्यापुढं एक बारा-तेरा वर्षांची मुलगी हातात छडी न घेता, पण छडी घेतल्याच्या रुबाबात उभी होती.

"मास्तर कुठं आहेत?" मी विचारलं.

"आमच्या शेतात," ती म्हणाली. "माझ्या जागी."

मला काही उमगलं नाही. तिनं ओढ्यापलीकडचं खाचर बोटानं दाखवलं.

खाचरात तीन-चार माणसं वाकून भाताची रोपं लावत होती. डोक्यावर इरली, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात. मी बांधावर उभा राहून रावजी मास्तर कोण, असं विचारलं. त्यातला सगळ्यात उंच माणूस पाठ सरळ न करताच म्हणाला, "म्याच. तुमी भोरचे नवे मास्तर न्हवं? बसा बांधावर. येवढी वळ झाली की येतो."

शेत गेनबाचं होतं. गेनबा म्हणजे त्या मुलीचा, हौसाचा बाप. तो माझ्याकडं बघून हसला. "मास्तर, त्यास्नी बसवता कशाला? दोन हात हायती की त्यास्नी."

"त्यांचं हात शाळंला लागत्यात, गेनबा," रावजी मास्तर म्हणाले आणि पुढची मूठ उचलली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. लावणीला माणूस कमी पडतं, म्हणून बाप पोराला शाळेतून काढतो. आषाढात गेलेलं पोर श्रावणात परत येत नाही, कारण तोवर त्याला शाळेची आठवण राहत नाही आणि बापाला पोराच्या हातांची सवय होते. तेव्हा बापाशी वाद घालण्यापेक्षा त्याला माणूस द्यावं. एका सकाळी गेनबाच्या खाचरात, दुसऱ्या सकाळी आणखी कुणाच्या. बदल्यात त्या घरचं पोर त्या दिवशी शाळेत. दुपारी मास्तर ओढ्यात हातपाय धुऊन शाळेत यायचे, धोतराचा सोगा पिळायचे आणि फळ्यापुढं उभे राहायचे. नखांतला चिखल तसाच असायचा. त्यांच्या घरच्या शेताची लावणी मात्र गावात सगळ्यांत शेवटी व्हायची. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. त्या मला भाकरी वाढताना म्हणायच्या, "आमचं भात दर साली पोटरीला उशिरा येतं. गावाला ठावं हाय, का ते."

ते स्वतः त्याच खोऱ्यातले. शेतकऱ्याच्या घरात जन्मले, भोरला कुणाच्या तरी पडवीत राहून फायनल झाले. फायनल म्हणजे सातवीची परीक्षा. ती झाली की मास्तरकी मिळे, तलाठ्याची जागा मिळे, पोस्टात जाता येई. त्यांच्या आधी त्या खोऱ्यात कुणी फायनल झालेलं नव्हतं. "चवथीत थांबलेलं पोर म्हंजे निम्म्या घाटात बसलेला मानूस," ते म्हणायचे. "खाली कोकन दिसतंय, वर देश दिसतोय, पन त्यो कुठलाच न्हाई." म्हणून त्यांनी भोरला खेटे घालून पाचवी ते सातवीचे वर्ग मागून घेतले. मी त्या वरच्या वर्गांसाठीच गेलो होतो.

एक गोष्ट मला तिथं गेल्यावर आठवडाभरात कळली. मास्तरांचं अक्षर छापल्यासारखं होतं, व्याकरण पक्कं होतं, शुद्धलेखनात कधी वेलांटी चुकायची नाही. पण त्यांच्या तोंडात 'ण' बसत नव्हता. लिहिताना 'बाण' लिहीत, वाचताना 'बान' वाचत. एके दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"मास्तर, तोंडी परीक्षेला भोरची मान्सं बसत्यात. आमची पोरं पानी म्हनली की ती हसत्यात. मी म्हनून दाखवलं तर पोरं माझ्यासारखंच म्हनत्यात. वाचनाचा तास तुमी घ्या."

मी घेऊ लागलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बघतो तर मागच्या भिंतीला टेकून, मोठ्या पोरांच्या पलीकडं, मांडी घालून हेडमास्तर बसलेले. मी म्हणायचो, "बाण. पाणी. लोणी." पोरं म्हणायची. त्यांच्या मागून एक जाड, दबका आवाज यायचा. सुरुवातीला मला संकोच वाटला. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस. पण पोरांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. हौसा तर मागं वळून सांगायची, "मास्तर, जीब वर वळवा, वर." ते वळवायचे. त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. पोरांना जमलं.

त्यांच्यापाशी माझे दिवस फार सुखात गेले. संध्याकाळी ओट्यावर बसायचं, समोर भाताची खाचरं उतरत उतरत नीरेपर्यंत गेलेली, वाडीवाडीवरून धूर निघालेला, आणि मास्तर एकेका घराकडं बोट दाखवून सांगायचे, कुणाचं पोर कसं आहे, कोण भाकरीच्या गणितात हुशार आहे आणि फळ्यावरच्या गणितात घाबरतं. मी पुढं मोठ्या शाळांत काम केलं, विटांच्या इमारती बघितल्या. संध्याकाळ झाली की शाळेत थांबावंसं वाटायचं ते फक्त तिथं.

दुसऱ्या वर्षी इन्स्पेक्टरसाहेब आले. गाव त्यांना दिपोटी म्हणायचं. भला माणूस, पण त्यांच्या हाती वरून आलेला हुकूम होता. वरचे वर्ग अजून कायम नव्हते, तात्पुरते होते. साहेब खुर्चीवर बसून म्हणाले, "रावजी मास्तर, तुमचं काम मी बघतोय. पण तीन वर्गांसाठी एक मास्तर द्यायचा तर पुढं काहीतरी दिसलं पाहिजे. येत्या परीक्षेला सातवीची निदान पाच मुलं बसवा. ती पास होऊ द्यात. म्हणजे मी वर्ग कायम करा म्हणून लिहीन. नाही तर चौथीपर्यंतच शाळा राहील."

सातवीत तेव्हा सहा जणं होती. मास्तर साहेबांना ओढ्यापर्यंत पोचवून आले आणि चंचीला हात न लावता वर्गात गेले.

दिवाळी झाली आणि सहाची चार झाली. एका पोराला त्याचा मामा मुंबईला घेऊन गेला. मास्तर त्याच्या मागं घाटाच्या तोंडापर्यंत चालत गेले होते, पण पोराचंच मन मुंबईत पोचलं होतं. दुसऱ्या पोराचा बाप हिवतापानं गेला. घरात मोठा तोच. त्याच्या दारात मास्तर उभे राहिले, त्याच्या आईकडं बघितलं आणि शाळेचं अक्षरही न काढता परत आले. पुढं भात झोडायला मात्र तीन दिवस त्यांच्या खळ्यावर जात होते. त्या बदल्यात कुठलं पोर येणार नव्हतं.

हौसा आणि तीन मुलगे उरले. पाचवं कुठून आणायचं? सहावीतलं पोर एकदम सातवीला बसवणं शक्य नव्हतं. गावचे पाटील एकदा ओट्यावर आले. ते म्हणाले, "मास्तर, माझ्या पुतन्याचं नाव घाला. सातवीला हाय म्हनून लिवा. परीक्षेच्या दिशी पोटात दुखतंय म्हनू. बसलं न्हाई तरी नाव तर झालं."

"नको पाटील," मास्तर म्हणाले.

"का? आमचं नाव चालत न्हाई?"

"तसं न्हाई. एकदा खोटं नाव घातलं की त्या जागी खरं पोर आनायला माझं पाय उचलनार न्हाईत. मला सवय लागंल."

पाटील रागावले नाहीत. पण जाताना म्हणाले, "मग वर्ग जातील."

मास्तरांना एक मुलगा होता, शंकर. मी त्याला सुट्टीतच बघितलं होतं. भोरला मामाकडं राहून तो इंग्रजी शाळेत शिकत होता. फार हुशार. त्याला नादारी होती, म्हणजे फी माफ होती. ती संस्थानच्या हुशार मुलांपैकी थोड्यांनाच मिळे. खोऱ्यातून इंग्रजी शाळेत गेलेला तो पहिला. सुट्टीत आला की इंग्रजी कविता मोठ्यानं म्हणायचा आणि वहिनी चुलीपाशी बसून न कळणारे शब्द ऐकत राहायच्या. मॅट्रिक व्हायचं, मग पुण्याला कॉलेजात जायचं, हे त्यानं मला स्वतः सांगितलं होतं. वयानं तो सातवीचाच होता.

पौषात एका सकाळी मास्तर मला म्हणाले, "मी भोरला जाऊन येतो. शंकरला आनतो."

मला वाटलं, भेटायला आणतायत. मग त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि कळलं.

"मास्तर, त्याची नादारी जाईल."

"वर्साचा परश्न हाय. जूनला परत घालीन. हुशार हाय, भरून काढील त्यो."

वहिनी आतून दारात आल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला इचारलं का?"

"न्हाई."

"मग मला तरी कशाला सांगताय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दोन दिवसांनी बापलेक आले. मास्तर पुढं, शंकर मागं, डोक्यावर ट्रंक. अंगात भोरचा सदरा, डोक्यावर काळी टोपी. गावातली पोरं त्याच्याभोवती जमली, तो कुणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून सातवीत मागं बसू लागला. विचारलं की उत्तर द्यायचा, बरोबर द्यायचा, आणि खाली बघायचा. वर्गात सगळी पोरं रावजींना मास्तर म्हणायची, तसं तोही म्हणायचा. त्यात विशेष काही नव्हतं. पण मी एकदा त्यांच्या घरी जेवायला बसलो होतो. मास्तरांनी विचारलं, "भाकरी घे की अजून." तो म्हणाला, "नको, मास्तर." वहिनींचा हात काटवटीतच थांबला. मास्तर पुढचा घास घेत राहिले. आधी तो त्यांना आबा म्हणायचा.

त्या आठवड्यात गेनबा ओट्यावर येऊन बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, आमी पोरं शेतासाठी शाळंतनं काढत व्हतो. तुमी वर्गासाठी शाळंतनं काढलं."

मास्तरांनी मान हलवली. "व्हय."

"माझी हौसा तुमी ठेवलीत, म्हनून बोलतोय. दुसरं कुनी बोलनार न्हाई."

"बोललास ते बरं झालं," मास्तर म्हणाले. पण त्यांनी शंकरला परत पाठवलं नाही.

चैत्रात परीक्षा. आम्ही सगळे चालत भोरला निघालो. पाच मुलं, मी, मास्तर आणि हौसासाठी गेनबा. नदीकाठच्या धर्मशाळेत उतरलो. शंकरच्या मामाचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं, पण तो तिकडं गेला नाही. मामाही आले नाहीत. त्यांना न विचारता पोराला नेलं होतं, त्याचा त्यांना राग होता.

गणिताच्या पेपरच्या दिवशी मास्तर बाहेर लिंबाखाली उभे होते. त्यांना काय वाटत होतं ते मला कळत होतं. पोर बापाच्या रागानं पेपर कोरा ठेवील, तर कुणी काय करू शकणार होतं? शंकर सगळ्यांत आधी बाहेर आला. सरळ आमच्याकडं आला. तोच बोलला.

"सगळी गणितं सोडवली. मागच्या वर्गांतली पोरं माझ्यापायी चौथीत अडकू नयेत म्हणून. तुमच्यासाठी नाही."

तो आता भोरची शुद्ध भाषा बोलत होता, ण सुद्धा.

पाचही पास झाली. शंकर भोर केंद्रात वरच्या नंबरात आला. हौसा फायनल झाली म्हणून गेनबानं घरोघरी गूळ वाटला. पावसाळ्याच्या तोंडावर वरचे वर्ग कायम झाल्याचा हुकूम आला. पाटील नारळ घेऊन शाळेत आले, देवळात घंटा वाजल्या. त्या दिवशी मी चंचीकडं बघितलं, ती खुंटीवरच होती.

मास्तर भोरच्या इंग्रजी शाळेत गेले होते. तिथं त्यांना सांगितलं, नादारी दुसऱ्या मुलाला दिली. मध्येच गेलेल्या मुलाची जागा राखून ठेवायची रीत नाही. यात कुणाची चूक नव्हती. मास्तरांच्या पगारात फी बसत नव्हती. मामांचं दार बंद झालं होतं. ते त्याच दिवशी चालत परत आले. मी ओट्यावर होतो. ते माझ्याजवळ बसले, पायाचा चिखल वाळेपर्यंत बसले, आणि लावणीला कुणाकुणाकडं जायचंय ते सांगू लागले.

शंकरनं त्या पावसाळ्यात घरची लावणी केली. दिवाळीनंतर मास्तर शाळेत असताना त्यानं आईच्या पायाला हात लावला आणि घाट उतरून महाडच्या बाजूनं मुंबईला गेला. फायनल झालेला म्हणून गोदीत कारकुनाच्या हाताखाली लागला. खोऱ्यातली माणसं मुंबईहून यायची तेव्हा वहिनींसाठी निरोप आणायची. त्या दारात उभ्या राहून ऐकायच्या. मास्तर आतल्या बाजूला असायचे. निरोप संपला की ते आतून म्हणायचे, "तब्येत बरी हाय का त्याची, येवढं इचार." निरोप्या समोरच असायचा. वहिनी विचारायच्या. निरोप्या सांगायचा. मास्तरांच्या नावानं निरोप कधी नसायचा.

मी तिथं आणखी काही वर्षं होतो. शाळा वाढत गेली. पलीकडच्या वाड्यांतली पोरं येऊ लागली, तिसरे मास्तर आले, सातवीत आता पोरं मोजून घ्यावी लागत नव्हती. हौसा लग्न होऊन वेल्ह्याकडं गेली, आणि तिकडच्या पोरांना अंगणात बसवून वाचायला शिकवते असं गेनबा मोठ्या अभिमानानं सांगायचा. मास्तरांना आता शेतात जायची गरज नव्हती, तरी जायचे. मी एकदा म्हटलं, "आता पट भरलेला असतो, मास्तर." ते म्हणाले, "घरात बसून काय करू?"

फक्त एकदा ते शंकरबद्दल माझ्याशी बोलले. आम्ही पोरांना घेऊन परीक्षेसाठी भोरला गेलो होतो. संध्याकाळी पोरं नदीवर गेली आणि आम्ही दोघं गावातून फिरत निघालो. इंग्रजी शाळेच्या मागच्या भिंतीपाशी मास्तर थांबले. शाळा सुटत आलेली होती, आतून कुठल्या तरी वर्गाचा आवाज येत होता, सगळी मुलं मिळून कविता म्हणत होती.

"हितं बसायचा त्यो," मास्तर म्हणाले. "या खिडकीत. एकदा मी बाजाराला आलो व्हतो, तवा हितंच हुबा राहून बघितला. उठून काय तरी म्हनत व्हता. मास्तर मान हलवीत व्हतं."

कविता संपली. मुलं दप्तरं आवरू लागल्याचा आवाज आला.

"मास्तर," ते म्हणाले, "म्या त्याला इचारायला पायजे व्हतं. त्यो हो म्हनला असता."

मग ते चालू लागले. मी त्यांच्या मागं. त्यानंतर या विषयावर ते बोलले नाहीत.

पुढं माझी बदली भोरला झाली. लग्न झालं, घरात पोरं झाली. खोऱ्यातलं कुणी बाजाराला आलं की मी मास्तरांची खुशाली विचारायचो. ते पेन्शनीत निघाले असं कळलं. एकदा वहिनींनी नाचणीचे पापड पाठवले. जाईन जाईन म्हणत माझं तिकडं जाणं राहून जायचं, कारण जायचं म्हणजे दोन दिवस हवेत आणि घरसंसारात दोन दिवस निघत नाहीत. पण पावसाळ्यात नीरेचं पाणी लाल झालं की वाटायचं, आता तिकडं लावण्या चालू असतील.

स्वराज्य आलं होतं. भोरचं संस्थानही नुकतंच विलीन झालं होतं. उन्हाळ्याचे दिवस. मी सकाळी भाजी घेऊन परत येत होतो. पुण्याला जाणारी मोटार सुटायच्या बेतात होती. तिच्याशेजारी एक उंच, जरा वाकलेला म्हातारा एका हातात गाठोडं आणि दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी घेऊन उभा होता. अंगात जुना, पण धुतलेला कोट. त्याच्या मागं पदर डोक्यावर घट्ट ओढून एक बाई. मी जवळ गेलो आणि वाकून नमस्कार केला.

"मास्तर, तुमी?" रावजी मास्तरांनी गाठोडं खाली ठेवलं आणि माझ्या खांद्याला धरलं. "बरं झालं भेटला. मुंबईला निघालोय."

"मुंबईला?"

वहिनी पुढं झाल्या. त्यांना माझ्याआधी सगळं सांगायचं होतं. "शंकरचा निरोप आला. पोरगा झालाय त्याला, तुमास्नी म्हाईत न्हाई? पाच वर्साचा झाला. आता जूनला शाळंत घालायचाय. तर म्हनतोय, आबास्नी म्हनावं, तुमी या आन नाव घाला."

"आबा म्हणाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"गेनबाचा पोरगा निरोप घिऊन आला व्हता," मास्तर म्हणाले. "म्या त्याला दोनदा सांगायला लावलं."

ते हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत तसं हसताना बघितलं नव्हतं. मग एकदम गंभीर झाले आणि मला थोडं बाजूला घेतलं. "मास्तर, मुंबईच्या शाळंत नाव घालायला काय लागतंय? जन्माचा दाखला लागतो का? का बापच पायजे? आजा चालतो का?"

"चालतो," मी म्हटलं. "आजा चालतो."

"तिथलं मास्तर काय इचारतील?"

"पोराचं नाव विचारतील. जन्मतारीख विचारतील. तुमचं नाव विचारतील."

"येवढंच?"

"एवढंच."

त्यांनी मान हलवली, पण त्यांचं पुरतं समाधान झालेलं दिसलं नाही. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मी गाठोडं वर चढवून दिलं. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसत होत्या. पायरीवर एक पाय ठेवून त्या थांबल्या, तेव्हा मास्तरांनी खालून त्यांच्या कोपराला आधार दिला. इतक्या वर्षांत मी त्या दोघांना असं लोकांसमोर एकमेकांना हात लावताना बघितलं नव्हतं. ते खिडकीशी बसले. मी खाली उभा होतो. मी म्हणालो, "सांभाळून जा."

"तुमी बी," ते म्हणाले.

ते तिकडून परत आले नाहीत. नातवाबरोबर रोज शाळेच्या फाटकापर्यंत जातात, असं एकदा कानावर आलं. पुढं वहिनी गेल्या, मग तेही. मला कळलं तेव्हा बरेच दिवस होऊन गेले होते.

मला मात्र ते दिसतात ते त्या सकाळचे. मोटार निघाली, बाजारातून सावकाश वळली आणि नीरेच्या पुलावर चढली. मी हातात भाजीची पिशवी घेऊन तिच्या मागं थोडं चालत गेलो होतो. वहिनींनी भीतीनं डोळे मिटून त्यांची बाही दोन्ही हातांनी धरली होती, आणि रावजी मास्तर त्यांच्याकडं वाकून, डोळे उघड म्हणून सांगत, खिडकीतून खालची नदी त्यांना दाखवत होते.